गाडी स्मॉगमध्ये नापास झाली, दान देऊ का?

गॅरेजवाले काका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, आमची २००५ सालची टोयोटा कोरोला आहे. अमेरिकेत आल्यावर घेतलेली पहिली गाडी, १,९०,००० मैल झालेत. परवा स्मॉग चेकमध्ये, म्हणजे धुराच्या तपासणीत, नापास झाली. गॅरेजवाला म्हणतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) गेला, २,२०० डॉलर लागतील. रजिस्ट्रेशन महिनाअखेर संपतंय. ऑफिसातला एक जण म्हणाला, "कशाला खर्च करतेस? चॅरिटीला देऊन टाक, तीन हजार किंमत दाखव, टॅक्समध्ये वसूल." साताऱ्याहून आई आलीय. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नचिकेताच्या बापाने यज्ञात भाकड गाई वाटल्या, त्यातलीच गत." नापास गाडी दान देता येते का? टॅक्सचं खरं किती? आणि आईचं बरोबर आहे का?
– एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : ताई, देता येते. पण टो ट्रकला फोन करण्याआधी तो नापासाचा कागद ड्रॉवरमधून काढा.

तुमची गाडी २००० नंतरची, पेट्रोलवरची. अशा गाड्यांच्या सायलेन्सरात नळी घालून धूर मोजत नाहीत. स्टिअरिंगच्या खाली, डाव्या गुडघ्याच्या आसपास एक सॉकेट असतं. त्यात वायर लावायची आणि गाडीच्याच कॉम्प्युटरला विचारायचं, बाई, तुझं काय दुखतंय? तो जे सांगेल ते कागदावर छापून येतं. वर टेक्निशियन बॉनेट उघडून नजर टाकतो, पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघतो.

आता त्या कागदावर मॉनिटरसमोर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्यांसमोर, 'इनकम्प्लीट' असं लिहिलंय का बघा. बॅटरी बदलली, किंवा कुणीतरी स्कॅनर लावून चेक इंजिनचा दिवा घालवला, की कॉम्प्युटरची पाटी कोरी होते. मग गाडीत काहीही बिघाड नसताना ती नापास होते, कारण तिने स्वतःची तपासणीच पुरी केलेली नसते. अशी गाडी आठवडाभर थोडी फ्रीवेवर, थोडी गावात चालवली, रात्री थंड होऊ दिली, की बहुतेक वेळा मॉनिटर भरतात. यात दान कसलं करताय!

कागदावर पी०४२० हा कोड असेल तर गॅरेजवाला म्हणतो त्यात तथ्य असू शकतं. कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून कॉम्प्युटर म्हणतोय की हा पुरेसं काम करत नाही. पण गॅस्केटशी एक्झॉस्ट फुटलेला असला, किंवा सेन्सरच म्हातारा झाला असला, तरी हाच कोड येतो. म्हणून २,२०० मोजण्याआधी गळती तपासली का ते विचारा. आणि सकाळी गाडी थंड असताना डिपस्टिक ओढून बघा. दोन ऑइल-चेंजच्या मध्ये एक-दोन लिटर तेल गायब होत असेल, तर इंजिन तेल जाळतंय. ते तेलच कन्व्हर्टरला मारतं. अशा गाडीत नवा कन्व्हर्टर बसवलात तर काही दिवसांनी त्याचीही तीच गत. तिथे मी हात जोडतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, आता पैसे घालू नका.

भाव एवढा का, असंही विचाराल. कॅलिफोर्नियात राज्याच्या हवा-मंडळाची मान्यता असलेलाच कन्व्हर्टर चालतो. त्याच्या पत्र्यावर मान्यतेचा नंबर कोरलेला असतो, आणि स्मॉगवाला तो नंबर वाचतो. ऑनलाइन मिळणारा स्वस्त माल इतर राज्यांत खपतो, इथे बसवलात की पुन्हा नापास.

महिनाअखेरची काळजी आहे म्हणून मध्येच सांगतो. स्मॉग नसलं तरी रजिस्ट्रेशनची फी वेळेत भरून टाका. स्टिकर येणार नाही, पण दंडही लागणार नाही. डीएमव्हीकडे (इथलं आरटीओ) ५० डॉलर भरून ६० दिवसांचा तात्पुरता परवानाही मिळतो, एकदाच. तेवढ्यात निर्णय होतो.

आता दानाकडे. इथे गाडी विकणाऱ्यानेच स्मॉगचं सर्टिफिकेट द्यायचं, असा कायदा आहे. म्हणून तुमची कोरोला शेजारच्या पोराला हजार डॉलरला देऊन मोकळं होता येत नाही. डीलरला किंवा डिसमँटलरला (गाड्या मोडीत काढणाऱ्याला) देताना मात्र ते लागत नाही, आणि चॅरिटीला दिलेल्या गाड्या बहुतेक त्याच वाटेने जातात. लोकांना वाटतं, संस्थेची कुणी ताई ही गाडी घेऊन आजारी माणसांना भेटायला जाईल. तसं क्वचित होतं. संस्थेने गाड्या गोळा करायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलेलं असतं. ती ट्रक पाठवते, गाडी ऑक्शनच्या मैदानात जाते, काचेवर खडूने नंबर पडतो, आणि घेणारा तिला सुट्या भागांच्या हिशेबाने बघतो. विक्रीच्या पैशांतून टोइंग, ऑक्शन आणि त्या कंपनीचा वाटा वजा होऊन उरेल ते संस्थेला. किती उरतं, हे फोनवर थेट विचारा. जी संस्था सरळ उत्तर देत नाही तिला मी देणार नाही. तुमची गाडी स्मॉगमध्ये नापास आहे हेही आधीच सांगा, आणि "चालेल" हे उत्तर ईमेलवर घ्या.

तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थांचं तीन हजाराचं गणित २० वर्षं जुनं आहे. २००५ पासून नियम असा : संस्थेने गाडी विकली, तर ती जितक्याला विकली तितकीच वजावट. पुस्तकातली किंमत कितीही असो. ५०० डॉलर किंवा त्याहून कमीला विकली, तर बाजारभाव किंवा ५००, यातलं जे कमी ते धरता येतं. ५०० च्या वर असेल तर संस्थेने विक्रीनंतर ३० दिवसांत १०९८-सी हा फॉर्म पाठवायला हवा, आणि तो रिटर्नला जोडायला हवा. नापास कोरोला समजा ६०० ला गेली. तुम्ही २४ टक्क्यांच्या गटात असाल तर वाचले १४४ डॉलर. तेही तुम्ही वजावटी एकेक करून मांडत असाल तर. जोडप्याला २०२५ ची सरसकट वजावटच ३१,५०० डॉलर आहे. ज्यांच्या घराचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स वगैरे मिळून त्याच्या वर जात नाही, त्यांना गाडीच्या दानाचे शून्य डॉलर शून्य सेंट. २०२६ पासून सरसकट वजावट घेणाऱ्यांनाही दानाची थोडी सूट आहे, जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत, पण ती रोख दानाला. गाडीला नाही.

बाजारभाव पूर्ण धरता येईल अशी एक वाट आहे. संस्थेने गाडी न विकता स्वतः खरोखर वापरायची आणि तसं लेखी द्यायचं. कम्युनिटी कॉलेजच्या ऑटो विभागात पोरांना शिकवायला गाड्या लागतात, आणि शिकायला तर बिघडलेलीच बरी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही असल्याच इंजिनांवर हात काळे केले. फोन करून बघा, मात्र त्यांना सगळ्याच गाड्या नको असतात.

आणि आता जे तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थांनी सांगितलं नाही ते. कॅलिफोर्नियाचं ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर स्मॉगमध्ये नापास झालेली गाडी मोडीत काढायला मालकाला १,३५० डॉलर देतं. घरचं उत्पन्न त्यांच्या मर्यादेत असेल तर २,०००. गाडी दुरुस्तच करायची असेल, तर मर्यादेत बसणाऱ्यांना १९९६ किंवा त्यानंतरच्या गाडीसाठी १,४५० पर्यंत मदत मिळते. अर्ज आधी करायचा, मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच गाडी त्यांच्या यादीतल्या डिसमँटलरकडे न्यायची. आधी नेलीत तर पैसे विसरा. गाडी स्वतःच्या पायांनी तिथवर चालत गेली पाहिजे, म्हणून बॅटरी काढून ठेवू नका. निधी आणि अटी बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी त्यांच्या साइटवरचा आकडाच खरा धरा. या गाड्या पुन्हा रस्त्यावर येत नाहीत, पार चेंदामेंदा होतो.

तर आईंना काय सांगाल? त्यांचं बरोबर आहे, निम्मं. धर्माची गाय आणि दात का नाय, असं घेणाऱ्याने म्हणू नये हे खरं, पण देणाऱ्याने तरी मोजावेत की. ऑक्शनमध्ये गेलेली गाडी कुणी दुरुस्त करून चालवेल, कुणी सुटे भाग काढेल. गरिबाच्या दारात ती तशीच धुराडं होऊन उभी राहील, असं सहसा होत नाही, कारण स्मॉगशिवाय इथे ती त्याच्या नावावरच होणार नाही. पण संस्थेच्या हाती पडणारी रक्कम बघितली तर दान हाडकुळंच. मी तुमच्या जागी असतो तर गाडी राज्याकडे मोडीत दिली असती, १,३५० चा चेक घेतला असता, आणि त्यातले हजार ज्या संस्थेवर जीव आहे तिला सरळ लिहून दिले असते. संस्थेला जास्त मिळतं, मध्ये कुणाचा वाटा नाही, वजावटही रोख दानाची.

तरीही गाडीच द्यायची ठरली तर कागदांकडे लक्ष द्या. टायटलवर (मालकीच्या कागदावर) तुमचं आणि यजमानांचं नाव असेल, तर मधला शब्द बघा. 'अँड' किंवा तिरकी रेघ असेल तर दोघांच्या सह्या, 'ऑर' असेल तर एकाची पुरते. कर्ज फिटूनही बँकेचं नाव तसंच राहिलं असेल तर ते आधी काढून घ्या. गाडी गेल्यावर पाच दिवसांत डीएमव्हीला रिलीज ऑफ लायबिलिटी (गाडी आता माझी नाही, असं कळवणारा फॉर्म) भरा, ऑनलाइन होतं, आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवा. माझ्या एका गिऱ्हाइकाने हे केलं नाही. गाडी देऊन उन्हाळा उलटून गेला, तरी डम्बार्टन पुलाच्या टोलच्या नोटिसा त्याच्या घरी येत होत्या, वर पार्किंगचं एक तिकीट. फास्टट्रॅकचं टोलचं यंत्र काचेवरून काढायला विसरू नका. गणपती डॅशबोर्डवरून उतरवतात, ते यंत्र मात्र राहतं.

प्रश्न : आम्ही डॅलसला. टेक्ससात आता तपासणीच बंद झाली ना? मग जुनी गाडी दान देताना काही बघायला नको?

उत्तर : १ जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांची सुरक्षा-तपासणी गेली. धुराची तपासणी डॅलस, टॅरंट, कॉलिन, हॅरिस, ट्रॅव्हिस अशा मोठ्या काउंट्यांत आहेच. टॅक्सचे नियम वर सांगितलेलेच, ते अख्ख्या देशाला सारखे. फरक नंबर प्लेटचा : कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडीबरोबर जाते, तुमच्याकडे ती काढून घ्या, आणि ३० दिवसांत डीएमव्हीला ट्रान्सफर कळवा.

प्रश्न : सांगलीत वडिलांची २००७ ची मारुती आहे. पीयूसी मिळत नाही. वडील म्हणतात गावच्या वृद्धाश्रमाला देऊ. मी सॅन होजेहून पैसे पाठवून दुरुस्त करू का?

उत्तर : वृद्धाश्रमाला द्यायची म्हणजे आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलणं आलं, आणि त्याला पीयूसी, विमा दोन्ही चालू लागतं. शिवाय १५ वर्षं उलटलीत, तेव्हा आरसीचं नूतनीकरण झालंय का ते आधी बघा. वडील ८०जीची, म्हणजे दानावरच्या टॅक्स-सवलतीची, पावती धरून बसले असतील तर समजावा, वस्तूच्या रूपात दिलेल्या दानाला ती सवलत नाही. रोख द्यायचं तरी २,००० रुपयांच्या वर रोखीने नको, चेकने किंवा ऑनलाइन द्या. दुरुस्ती प्लग-फिल्टरपुरती असेल तर जरूर करा. इंजिन खोलायला लागत असेल, तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, ते दाखवून नव्या खाजगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये सूट मिळू शकते. गल्लीतल्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. तो आरसी रद्द करून देत नाही, आणि गाडी कागदावर वडिलांच्याच नावाने फिरत राहते.