त्रास नसताना आईच्या थायरॉईडची सोनोग्राफी करून घ्यावी का?

भावा, तू विचारलंयस की आईचं वय ५८, गळ्याचा काही त्रास नाही, चेकअपच्या पॅकेजवर थोडे ज्यादा पैसे भरले की थायरॉईडची सोनोग्राफी पण करून देतो म्हणतायत, तर घ्यावी का. माझं उत्तर नको. मी डॉक्टर नाही, पण गळ्यात गाठ घेऊन फिरणारा माणूस आहे.

तीन वर्षांमागं चक्कर यायला लागली म्हणून मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी) करायला कोल्हापुरात राजारामपुरीत गेलो होतो. खांद्याखाली उशी, मान मागं टाकलेली, गळ्यावर ती गारढोण जेली. डॉक्टर प्रोब फिरवत फिरवत मधे आले आणि तिथंच थांबले, मग म्हणाले, जरा आवंढा गिळा. तिथंच माझ्या पोटात गोळा आला. चक्कर शेवटी बीपीच्या गोळीमुळं निघाली, पण रिपोर्टात खाली एक ओळ वाढली, थायरॉईडच्या उजव्या बाजूला ७ मिलिमीटरची गाठ. हरभऱ्याच्या दाण्याएवढी.

पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं रिपोर्ट पुरता वाचायच्या आधीच म्हणाले, सुई घालून बघू नाहीतर काढूनच टाकू. बायको त्या रात्री जेवली नाही. मग एंडोक्रायनोलॉजिस्टकडं, म्हणजे हार्मोन आणि ग्रंथींच्या डॉक्टरकडं गेलो, त्यांनी शांतपणे सांगितलं की हातानं चाचपलं तर शंभरातल्या ४ ते ७ मोठ्या माणसांना गाठ लागते, पण सरसकट सोनोग्राफी केली तर वेगवेगळ्या अभ्यासांत १९ पासून ६८ टक्क्यांपर्यंत लोकांत निघालीय, बायकांत आणि वय वाढेल तशी जास्तच. म्हणजे रविवारी रंकाळ्यावर भेळ खाणारी कितीतरी माणसं गळ्यात गाठ घेऊनच बसलेली असतात, त्यांना पत्ताच नाही. बहुतेक गाठी साध्या, आणि ज्या थोड्या कॅन्सरच्या निघतात त्यातल्या पण बऱ्याच बारक्या पॅपिलरी जातीच्या, वर्षानुवर्षं आहे तिथंच बसणाऱ्या.

तुझ्या प्रश्नासारखंच कोरियात झालं बघ. १९९९ ला सरकारनं कॅन्सर तपासणीची योजना काढली, थायरॉईड त्यात नव्हतं, पण दवाखान्यांनी थोडे ज्यादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं आणि त्यानं मरणाऱ्यांचा आकडा होता तिथंच राहिला! ऑपरेशनं मात्र हजारोंनी झाली. ग्रंथी सगळी काढली की जन्मभर गोळी, कुणाचा आवाज बसतो, कुणाचं कॅल्शियम घसरतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनं २०१७ ला स्पष्टच सांगितलं, लक्षणं नसलेल्या मोठ्या माणसांत थायरॉईड कॅन्सर शोधत बसू नका.

आता गळ्यात गाठ दिसत असेल, आवाज बसलाय तो सुटत नसेल, घास अडकत असेल, लहानपणी मानेला रेडिएशन मिळालं असेल किंवा घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टरांना दाखव, सोनोग्राफी लागली तर ते सांगतील.

आणि आधीच कुठं चुकून सापडलीच तर नुसता आकडा बघून घाबरू नको. रिपोर्टात टीआर १ ते ५ असा दर्जा देतात (आकडा जेवढा मोठा तेवढा कॅन्सरचा संशय जास्त), गाठ घट्ट आहे का पाण्याची, काळपट दिसते का, कडा वेड्यावाकड्या, आत बारीक पांढरे ठिपके, रुंदीपेक्षा उंची जास्त, यावरनं. १ आणि २ ला सुई लागत नाही, ३ ला अडीच सेंटीमीटरपासून पुढं, ४ ला दीडपासून, ५ ला एकपासून. माझी ४ मधली, पण ७ मिलिमीटर, त्यामुळं सुईचा विषयच नव्हता, नियमानं परत बघायची पण गरज नव्हती. बायकोच्या समाधानासाठी वर्षानं एकदा केली. ७ च निघाली.