दुपारी एरर, रिकामा असताना रीबूट, लाईट गेली की बंद: तिन्ही दुखणी वेगळी काढा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. बेळगावच्या वडगावात घराच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर आहे. रायझन 5 5600एक्स प्रोसेसर, 8 जीबीच्या दोन मेमरी स्टिक, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, खाली 600 व्हीएचा यूपीएस. डिसेंबरात तुम्ही ओव्हरक्लॉकिंग केलं, म्हणजे मशीन ठरलेल्या मर्यादेपुढे ताणलं: प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करायची सेटिंग) उणे 30 केला, 3600 ची मेमरी 3800 वर नेली, एफसीएलके (कोअर आणि मेमरी जोडणाऱ्या फॅब्रिकचा वेग) 1900 केला. सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी पास झाली आणि तीन महिने काही तक्रार नव्हती. आता एप्रिलमध्ये दुपारी काम करताना निळी स्क्रीन येते, रात्री कॉम्प्युटर नुसता चालू ठेवला तर सकाळी रीस्टार्ट झालेला दिसतो, आणि लाईट गेली की यूपीएस असूनही कधीकधी धाडकन बंद पडतो. प्रोसेसर खराब झाला का, असं तुम्ही विचारलंय.

प्रोसेसर खराब झालेला नाही असं मला वाटतं. पण उत्तराआधी एक काम आजच करा. बायोसमध्ये जाऊन सगळं डीफॉल्टवर आणा, एक्सएमपी (मेमरीचा तयार वेगवान प्रोफाइल) सुद्धा बंद. तुम्ही उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या युनिटसाठी ड्रॉइंग आणि सीएनसीचे प्रोग्राम करता म्हणून हे आग्रहाने सांगतोय. गेम खेळताना मेमरीत एक बिट उलटला तर फार तर गेम बंद पडेल. ड्रॉइंगची फाईल सेव्ह होताना तोच बिट उलटला तर फाईल उघडेल, ठीक दिसेल, आणि एखादा आकडा चुकलेला असेल. निळी स्क्रीन परवडली, कारण ती निदान सांगून येते. मागच्या महिन्याभरात सेव्ह केलेल्या फाईलींतले आकडे मशीनवर जाण्याआधी मूळ कागदाशी पडताळून बघा. बॅकअप घ्यायचा तो नव्या डिस्कवर घ्या, जुन्या चांगल्या बॅकअपवर ओतू नका.

डीफॉल्टवर दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा. त्यातही रीबूट झाला तर ओव्हरक्लॉकिंगचा प्रश्नच नाही, पॉवर सप्लाय, स्टिक किंवा बोर्ड बघावा लागेल. झाला नाही तर पुढचं वाचा.

तुमची तीन लक्षणं म्हणजे तीन वेगळी दुखणी आहेत, असा माझा अंदाज आहे. एकाच वेळी कोअर, मेमरी आणि दोघांना जोडणारं फॅब्रिक असं तिन्ही ताणलं की बिघाड कुठला हे कळायला मार्ग उरत नाही. मग माणूस व्होल्टेज वाढवत सुटतो, त्याने उष्णता वाढते आणि गुंता आणखी वाढतो.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिम लॉगमध्ये जा. तिथे ‘कर्नल-पॉवर 41’ दिसेल. बरेच जण तो बघून पॉवर सप्लाय बदलतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कारण त्यात नसतं. कारण शोधायचं ते त्याच वेळेच्या आसपासच्या ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) नोंदींत. आयडी 18 आणि त्यात ‘कॅश हायरार्की एरर’ लिहिलं असेल तर संशय कोअरवर. आयडी 19 आणि ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ असेल तर संशय फॅब्रिकवर. मेमरीच्या चुका मात्र इथे दिसत नाहीत, कारण आपल्या साध्या स्टिकमध्ये चूक ओळखणारी ईसीसी नसते. ‘मेमरी मॅनेजमेंट’सारख्या निळ्या स्क्रीन, झिप फाईल उघडताना सीआरसी (डेटा पडताळणीचा) एरर, ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळणं, या खुणांवरून मेमरी ओळखायची. आणि 41 च्या आगेमागे डब्ल्यूएचईएची नोंदच नसेल, वेळही लाईट जाण्याशी जुळत असेल, तर वीज.

रात्री रिकामा असताना होणारा रीबूट घेऊ. हे उणे 30 चं काम आहे असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. कर्व्ह ऑप्टिमायझरची एक पायरी साधारण 3 ते 5 मिलिव्होल्टची असते. उणे 30 म्हणजे जवळपास दहा-पंधरा शतांश व्होल्टची कपात, तीही सगळ्या कोअरना सरसकट. सिनेबेंचच्या मल्टी-कोअर चाचणीत सहाही कोअर राबतात, वीज आणि उष्णतेच्या मर्यादेमुळे वेग खाली येतो, आणि त्या खालच्या वेगाला कमी व्होल्टेज पुरतं. म्हणून चाचणी पास. कॉम्प्युटर रिकामा असताना मधूनच एखादं बारीक काम येतं, एकच कोअर क्षणभर 4.6 गिगाहर्ट्झ किंवा त्याहून वर उसळतो, आणि नेमकं तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. जड कामात टिकणारी मशीन हलक्या कामात पडते ती यामुळे.

त्यात आणखी एक बाब आहे. एएमडीच्या रायझन मास्टर प्रोग्राममध्ये तारा आणि ठिपक्याची खूण असलेले कोअर सर्वांत चांगले मानले जातात. त्यांना कारखान्यातूनच कमी व्होल्टेज दिलेलं असतं आणि विंडोज हलकं काम त्यांच्याकडेच पाठवतं. म्हणजे चांगल्या कोअरकडे कपातीला जागा सर्वांत कमी. उणे 30 त्यांनाच आधी झेपत नाही.

उपाय असा. मेमरी डीफॉल्टवरच ठेवा. खुणेच्या दोन कोअरना उणे 10, बाकीच्यांना उणे 20 करा आणि कोअरसायकलर रात्रभर चालवा. तो प्राइम95 ही जड गणिताची चाचणी एका वेळी एकाच कोअरवर चालवतो. त्यात एसएसई मोड निवडा. एव्हीएक्स या जड मोडपेक्षा तो हलका असल्यामुळे वेग वर जातो आणि आपल्याला तीच जागा तपासायची आहे. जो कोअर पडेल त्याला पाच पायऱ्या वर आणा, बाकीच्यांना हात लावू नका. आयडी 18 च्या नोंदीत ‘एपीआयसी आयडी’ (थ्रेडचा क्रमांक) असतो. तुमच्या सहा कोअरच्या चिपवर त्याला दोनने भागलं की साधारणपणे कोअरचा क्रमांक मिळतो, मोजणी शून्यापासून. 6 किंवा 7 दिसला तर कोअर 3. एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्राममध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्षात मिळालेला सरासरी वेग) वरही नजर ठेवा. भर कामात दाखवलेला वेग 4.6 आणि इफेक्टिव्ह त्यापेक्षा बराच खाली असेल, तर व्होल्टेज अपुरं आहे म्हणून चिप स्वतःला आवरतेय. असा मिळालेला वेग फक्त स्क्रीनवरच असतो.

आता दुपारची निळी स्क्रीन. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या फाईलींना खरा धोका इथूनच आहे.

तुम्ही लिहिलंय की एक्सएमपीला मेमरी 3600 सीएल16 होती (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून यायला लागणारी चक्रं). 3800 ला सीएल16 बूट होईना म्हणून सीएल18 केलं, आणि टीआरएफसी 630 वरून 480 वर आणला. हिशेब करू. सीएल गुणिले 2000 भागिले वेग, उत्तर नॅनोसेकंदात. 3600 सीएल16 म्हणजे 8.9. 3800 सीएल18 म्हणजे 9.5. बँडविड्थ 57.6 वरून 60.8 जीबी प्रति सेकंद झाली, साडेपाच टक्के वाढ, पण मागितलेल्या डेटाचा पहिला तुकडा यायला उलट उशीर होऊ लागला. कॅडमध्ये असेंब्ली फिरवताना तुम्हाला यातून काही मिळालं असेल असं मला वाटत नाही. एवढ्यासाठी मशीन कडेलोटावर ठेवायचं कारण नाही.

टीआरएफसी हा त्याहून नाजूक मामला. मेमरीची प्रत्येक पेशी म्हणजे तळाला बारीक भोक असलेली घागर समजा. पाणी गळायच्या आत पुन्हा भरावं लागतं. हे पुनर्भरण एका वेळी पुरं व्हायला जो अवधी देतो तो टीआरएफसी. 3600 ला 630 चक्रं म्हणजे 350 नॅनोसेकंद, 8 गिगाबिट डीडीआर4 चिपसाठीचा जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा प्रमाण आकडा हाच आहे. तुमची 3800 ला 480 चक्रं म्हणजे 253. काही चिपना तेवढं झेपतं, काहींना फक्त थंड असताना झेपतं. कारण चिप तापली की गळती वाढते. जेडेकच्या नियमातच 85 अंशांच्या वर पुनर्भरण दुप्पट वेळा करायला सांगितलंय, 64 ऐवजी 32 मिलिसेकंदांत. तुमच्या स्टिक 85 ला जात नाहीत, पण टीआरएफसी इतका आवळल्यावर 50 च्या आसपासही चूक होऊ शकते.

म्हणूनच डिसेंबरातली चाचणी एप्रिलमध्ये लागू पडत नाही. आपल्याकडे थंडीत रात्रीचा पारा पंधराच्या आसपास येतो, एप्रिलच्या दुपारी पस्तिशी ओलांडतो. वरच्या मजल्याचा स्लॅब संध्याकाळपर्यंत तापलेला राहतो. स्टिकवर वेगळा पंखा नसतो, त्यामुळे खोली जितकी तापेल तितक्या त्या तापतात. त्यात 3060 चे 170 वॅट कॅबिनेटमध्येच सुटतात आणि बरीचशी गरम हवा वर मेमरीकडे जाते. नुसती मेमरी चाचणी चालवली तर ग्राफिक्स कार्ड थंड असतं, सगळं पास होतं, आणि खऱ्या कामात मशीन पडते.

तर मेमरी अशी तपासा. प्रोसेसर डीफॉल्टवर. आधी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट86 चालवा, विंडोजमध्ये जाऊच नका. कच्च्या मेमरीवर विंडोज सुरू केलं की त्याच्याच फाईली खराब होतात. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, तेवढ्या पुऱ्या होऊ द्या. मग विंडोजमध्ये टेस्टमेम5, अँटा777 च्या एक्स्ट्रीम कॉन्फिगवर. ही चाचणी दुपारी दोन ते चार या वेळेत घ्या, कॅबिनेट बंद ठेवून, सोबत ग्राफिक्स कार्डवर भार लावून. स्टिकवर तापमानाचा सेन्सर असेल तर एचडब्ल्यूइन्फो दाखवेल. एकही एरर चालणार नाही. ‘दोन तासांत एकच आला’ हे पास होणं नव्हे. आणि एकदा मेन स्विच बंद करून मशीन रात्रभर पडू द्या, सकाळी थंड असताना चालू करून पुन्हा तपासा. बायोस दर वेळी मेमरी नव्याने ट्रेन करतो, म्हणजे तिचे बारीक आकडे जुळवतो, आणि दर वेळी तो त्याच आकड्यांवर येईल असं नसतं.

मी तुमच्या जागी असतो तर 3600 सीएल16, टीआरएफसी 630 हेच ठेवून थांबलो असतो. फारच हौस असेल तर टीआरएफसी वीस-वीस चक्रांनी खाली आणा, जिथे दुपारी पहिला एरर येईल तिथून चाळीस वर जा. मेमरीचं व्होल्टेज 1.35 आहे ते फार तर 1.4 करा. बंद खोलीत त्यापुढे नेलं तर स्टिक आणखी तापतील. स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना, तेही बघा. तुमच्या भागात यंत्रमाग पुष्कळ, सुताची बारीक लव कॅबिनेटच्या जाळीत आणि हीटसिंकच्या पात्यांत अडकते. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा, जाळी काढून वेगळी साफ करा. हे आधी केलंत तर कदाचित पाच-सहा अंश तिथेच सुटतील.

फॅब्रिकचं लवकर आटोपतं. एफसीएलके 1900 या पिढीच्या सगळ्या चिपना पेलत नाही. आयडी 19 च्या नोंदी ओळीने येत असतील तर त्या दुरुस्त झालेल्या चुका आहेत, पण दुरुस्तीतच वेळ जातो आणि वेग घटतो. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) 1.1 च्या आसपास ठेवा. ते वाढवून चुका थांबतातच असं नाही, कधी वाढतातही. 1800 वर आणा, मेमरी 3600, म्हणजे दोन्ही एकास एक चालतील आणि त्या नोंदी थांबतील.

राहिली लाईट. एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस, वारा सुटला की लाईट जाणारच. 600 व्हीएचे घरगुती यूपीएस सहसा 360 वॅट देतात. तुमचं ग्राफिक्स कार्ड 170, प्रोसेसरची मूळ मर्यादा 76 वॅट, पण पीबीओ या बायोस सेटिंगने मर्यादा उघडली असेल तर शंभरच्या वर. बोर्ड, एसएसडी, पंखे, पॉवर सप्लायमधली घट आणि मॉनिटर धरले की भर कामात तुम्ही त्या मर्यादेला टेकता. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची वीज देतात, आणि अॅक्टिव्ह पीएफसी (येणारी वीज सुधारून घेणारं सर्किट) असलेले काही पॉवर सप्लाय ती घेत नाहीत, बदलाच्या क्षणीच बंद पडतात. कॉम्प्युटर डीफॉल्टवर असताना, सगळ्या फाईली बंद करून, ग्राफिक्सवर भार लावा आणि यूपीएसची भिंतीतली पिन काढा. तरीही बंद पडला तर ओव्हरक्लॉकचा दोष नाही. प्युअर साइन वेव्हचा (पायऱ्यांऐवजी गुळगुळीत लाटेची वीज देणारा), किमान 1000 व्हीएचा यूपीएस घ्यावा लागेल. त्याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असंच धरा, आणि ते नीट होईपर्यंत बाकी काही तपासू नका.

क्रम असाच ठेवा: डीफॉल्ट, अर्थिंग-यूपीएस, नुसती मेमरी, नुसते कोअर, मग दोन्ही एकत्र. एका वेळी एकच आकडा बदला आणि तारीख, खोलीचं तापमान, निकाल वहीत लिहा. दोन्ही एकत्र केल्यावर कोअरसायकलर आणि टेस्टमेम5 पुन्हा चालवायचेच, कारण वेगवेगळे पास झालेले एकत्र आल्यावर नापास होऊ शकतात. अडलात तर आयडी 18 आणि 19 च्या नोंदींचा पूर्ण मजकूर, टायमिंगचा स्क्रीनशॉट आणि दुपारचं स्टिकचं तापमान पाठवा. मशीन डीफॉल्टवर असताना एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फाईली तपासणारा आदेश) एकदा चालवा. त्यात खराब फाईली निघाल्या तर दुरुस्त होईपर्यंत युनिटची कामं दुसऱ्या मशीनवर करा.