भाकरी चालेल, रस्सा नको
पशुवैद्यांना विचारा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कुत्र्यांच्या खाण्यापिण्याबद्दल सोलापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत. त्याआधी एक काम करा. आपल्या कुत्र्याचं वजन करून कुठेतरी लिहून ठेवा. त्याला उचलून घरच्या वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याने उभं राहा आणि वजाबाकी करा. खालचे बहुतेक आकडे किलोमागे आहेत. पाच किलोच्या पॉमेरेनियनला जे जिवावर बेततं, ते तीस किलोच्या लॅब्रडॉरला कदाचित नुसत्या जुलाबावर निभावतं.

प्रश्न : नान्नजला आमची द्राक्षबाग आहे. बेदाण्याच्या शेडवर राखणीला असलेला १४ किलोचा कुत्रा खाली सांडलेले बेदाणे खातो. आजवर त्याला काही झालेलं नाही. तरी थांबवायला हवं का?

हो, आणि आजपासूनच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किलोमागे सुमारे २.८ ग्रॅम बेदाणे किंवा सुमारे २० ग्रॅम द्राक्षं एवढ्यावरही विषबाधा झाल्याची नोंद आहे. तुमच्या कुत्र्याच्या वजनाला हे प्रमाण ४० ग्रॅम बेदाणे, म्हणजे मोठ्या माणसाची एक मूठ. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जातं, बाकीचं सगळं आत राहतं, म्हणून बेदाणा जास्त घातक.

आजवर काही झालं नाही, याचं कारण बहुधा द्राक्षातच आहे. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल यामागे असावं, ही गोष्ट २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी पुढे आणली. हे आम्ल जातीनुसार, पिकण्याच्या अवस्थेनुसार कमीजास्त होतं. म्हणून एका वर्षी पचलेली मूठ पुढच्या वर्षी पचेलच असं नाही. ‘इतके चालतील’ असा आकडा आम्ही देत नाही, कारण तसा सुरक्षित आकडा नाहीच.

विषबाधा झाली तर साधारण सहा ते बारा तासांत उलट्या सुरू होतात. मग कुत्रा मलूल होतो, खात नाही. उलटी थांबली की घरच्यांना वाटतं, निस्तरलं. खरा घात तिथेच होतो. २४ ते ७२ तासांत लघवी कमी होत जाते आणि पुढे बंदच होते. तोवर मूत्रपिंडं बसलेली असतात. म्हणून खाल्ल्याचं कळताच, लक्षणांची वाट न बघता, दोन तासांच्या आत दवाखाना गाठा. तिथे उलटी करवतात, शिरेतून सलाइन साधारण ४८ तास देतात आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालेनाशी झाली की वाढणारं द्रव्य) ७२ तासांपर्यंत रोज तपासतात. बेदाण्याचा हंगाम नेमका फेब्रुवारी ते एप्रिलमधला. उन्हाने अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं आणि मूत्रपिंडावरचा ताण वाढतो. कुत्र्याला शेडच्या बाहेर सावलीत बांधा, पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा, रॅकखालचा सडा रोज झाडून घ्या.

घरातसुद्धा प्रसादाचा शिरा, लाडू, केक यांतले बेदाणे आणि काळे मनुके विसरू नका. आणि चिंच! चिंचेच्या गरात टार्टरिक आम्ल ८ ते १८ टक्के असतं, म्हणजे द्राक्षापेक्षा किती तरी जास्त. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं गेल्याच्या नोंदी आहेत. वर्षाची चिंच फोडून उन्हात वाळत घालता, तेव्हा कुत्रं गच्चीवर नको.

प्रश्न : आमचा गावठी कुत्रा चार वर्षं रोज भाकरी आणि कालवण खातो. रविवारी मटणाचा रस्सा, कधी शेंगाचटणी. कांदा-लसूण विषारी असतो म्हणतात, मग याला बाधत कसा नाही? (अक्कलकोट रोड)

ज्वारीच्या भाकरीत काहीच वावगं नाही. दोष तिच्यावर ओतलेल्या रश्शात आहे. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात. इजा झालेल्या पेशी फुटतात किंवा प्लीहा त्या काढून टाकते आणि रक्त कमी होतं. एका वेळी वजनाच्या अर्धा टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला तर रक्तात फरक दिसू लागतो. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हा आकडा ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम गेला तर आजार उघड दिसतो. लसूण याच्या तिप्पट ते पाचपट तीव्र. शिजवून, परतून, वाळवून हा गुण जात नाही. उलट वाळवलेला कांदा पाणी गेल्यामुळे वजनाला जास्त भारी पडतो आणि कांदा-लसूण घातलेल्या काळ्या मसाल्यात तोच असतो.

रोज थोडं थोडं गेलं तरी इजा साठत जाते. रक्त हळूहळू उतरलं की कुत्रा त्याला सरावतो, फक्त पूर्वीसारखा पळत नाही. घरच्यांना वाटतं, वय झालं. एकदम जास्त खाल्ला तरी लक्षणं तीन-चार दिवसांनी येतात, तोवर कांदा कुणाच्या ध्यानातही नसतो.

घरच्या घरी हिरडी पाहता येते. वरचा ओठ उचला, हिरडी अंगठ्याने दाबून सोडा. उमटलेला पांढरा ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. मुळातच हिरडी फिकट किंवा पिवळसर असेल, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. तुमच्या कुत्र्याची तपासणी आत्ताच एकदा करा. हिमोग्लोबिन बघायला सांगा आणि रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा.

एक गैरसमज आम्हाला वारंवार दिसतो : ‘त्याला तिखट नाही देत, आळणीच देतो.’ आळणीत तिखट नसतं एवढंच. आलं, लसूण आणि बहुतेक घरांत कांदा त्यात असतोच. मटण लावताना कुत्र्याचे तुकडे आधीच वेगळ्या डब्यात नुसत्या पाण्यात शिजवा, चिमूटभर हळद चालेल. वरणही फोडणीआधी काढून ठेवा. शेंगाचटणी मात्र अजिबात नको, तिच्यात लसणाबरोबर मीठ आणि तिखटही आहे.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला आमच्या कुत्र्याने चॉकलेट केक खाल्ला, काही झालं नाही. मग चॉकलेटची भीती फुगवून सांगतात का? (सात रस्ता)

भीती खरी आहे, पण चॉकलेट कोणतं आणि किती, यावर सगळं ठरतं. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. एका ग्रॅममध्ये ते दुधाच्या चॉकलेटमध्ये सुमारे २ मिलिग्रॅम, गडद चॉकलेटमध्ये ५ ते ६ आणि कोको पावडरमध्ये २० किंवा त्याहून जास्त असतं. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलटी, जुलाब, अस्वस्थपणा. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात. ६० ला झटके येऊ शकतात. आता हिशेब करा. २५ किलोच्या लॅब्रडॉरने ४० ग्रॅम दुधाचं चॉकलेट खाल्लं तर किलोमागे ३ मिलिग्रॅम पडतात. तीन किलोच्या पॉमेरेनियनने तेवढंच गडद चॉकलेट खाल्लं तर ६५ च्या वर. घरी केक करत असाल तर कोकोचा डबा आणि त्याने माखलेलं भांडं ओट्याखाली ठेवू नका. चहाचा चोथा आणि कॉफी पावडर यांनाही हेच लागू, तिथे थिओब्रोमिनच्याच जातीचं कॅफिन आहे.

प्रश्न : असं काही खाल्लं की मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी, असं शेजारी सांगतात. (विजापूर रोड)

कृपया असं करू नका. मीठ हेच विष आहे. किलोमागे २ ते ३ ग्रॅम मिठाने बाधा होते, ४ ग्रॅमने कुत्रा दगावू शकतो. एक चहाचा चमचा मीठ म्हणजे साधारण ६ ग्रॅम. पाच किलोच्या कुत्र्याला दोन चमचे पाजले आणि उलटी झालीच नाही, तर तुम्हीच त्याला विष दिलंत. बोटं घशात घालू नका. दूध, तूप, कच्चं अंडं यांनी विष उतरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडही मनाने पाजू नका. दुकानात बरेचदा ६ टक्क्यांचं मिळतं, ते अन्ननलिका आणि जठर भाजून काढतं. कुत्रा गुंगीत असेल, झटके येत असतील, पगसारखा बसक्या नाकाचा असेल किंवा टोकदार हाड गिळलं असेल, तर करवलेली उलटीच जिवावर उठू शकते.

तोंडात राहिलेलं काढा. काय खाल्लं, किती उरलं आणि किती वाजता, हे टिपून घ्या. वेष्टनाचा फोटो काढा. डॉक्टरांना फोन करा आणि निघा. उलटी झालीच असेल तर ती पिशवीत भरून सोबत आणा. रात्री कोण डॉक्टर भेटतात, ही चौकशी आज करून ठेवा.

प्रश्न : आजोबांना मधुमेह आहे. त्यांची शुगर-फ्री बिस्किटं, च्युइंगम कुत्र्याला चालतील का?

डब्यावर ‘झायलिटॉल’ किंवा स्वीटनरचा क्रमांक ९६७ असेल तर एक तुकडाही नको. त्याने कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन भसकन वाढतं आणि रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळते. च्युइंगम असेल तर बारा तासांपर्यंत उशीर होऊ शकतो. किलोमागे ०.१ ग्रॅमने साखर उतरते, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत जाऊ शकतं. काही पीनट बटर, टूथपेस्ट आणि माउथवॉशमध्येही ते असतं. कुत्रा लटपटू लागला तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळत दवाखान्यात न्या.

प्रश्न : मटणाची हाडं द्यावीत की नाहीत?

शिजवलेली नाहीत. शिजलं की हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि त्या आतडं फाडतात. गोल कापलेली नळी आणखी एक करते : कुत्रा मगज चाटताना ती खालच्या जबड्यावरून सुळ्यांच्या मागे सरकते आणि अडकते. ओढू नका, जीभ आणि हिरडी सोलते. गुंगी देऊन ती कापून काढावी लागते.

प्रश्न : खवट, बुरशी लागलेल्या शेंगा कुत्र्याला घातल्या तर?

बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत मारतं आणि भाजून ते नष्ट होत नाही. जेवण सुटणं, कावीळ, काळी शी ही लक्षणं काही दिवसांनी दिसतात. अशा शेंगा कोणत्याच जनावराला घालू नका.

प्रश्न : आई घरी विड्या वळते. पिल्लाने सुपातली तंबाखू खाल्ली तर काय करावं? (विडी घरकुल)

निकोटिनची लक्षणं फार लवकर, बहुधा तासाभरात येतात : लाळ, उलटी, थरथर, धाप, मग झटके. किलोमागे १ मिलिग्रॅम निकोटिनही बाधतं, म्हणून पिल्लाला चिमूटभर तंबाखूसुद्धा जास्त. तोंड ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच निघा. पोटात जळजळ होत असेल म्हणून अँटासिड किंवा खायचा सोडा देऊ नका. जठरातलं आम्ल कमी झालं की निकोटिन रक्तात आणखी वेगाने शिरतं.