तुतीच्या मुळाची साल खोकल्यावर चालते, पण कोणत्या?

दादा, रेशमासाठी लावलेली जुनी तुती उपटताय आणि तिच्या मुळांची साल चीनमध्ये औषध असते, तर वडिलांच्या खोकल्याला आणि शुगरला तिचा काढा द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. ऐकलंय ते खरं आहे. काढा मात्र देऊ नका.

चिनी वैद्यकात पांढऱ्या तुतीच्या या सालीला सांग बाय पी म्हणतात. पानं गळाल्यापासून नवे कोंब फुटेपर्यंतच मुळं खणतात, वरचा खरबरीत पिवळट पापुद्रा खरवडतात आणि आतली पांढरी साल सोलून वाळवतात. चांगली साल हाताला कळते. आडवी मोडता मोडत नाही, उभी फाडली की पांढरी भुकटी उडते, चव किंचित गोड. चिवट इतकी की इ. स. 693 मध्ये सम्राज्ञी वू त्सथ्येनच्या राजवैद्यांनी एका सेवकाचं फाटलेलं पोट याच सालीच्या दोऱ्याने शिवलं, आणि तो वाचला!

तिथे ही साल थंड गुणाची मानतात. अंगात कडकी, पिवळा घट्ट कफ, धाप, असा उष्णतेचा खोकला असेल तर ती देतात. चीनच्या सोंग राजवटीतले बालवैद्य छ्यान यी यांच्या प्रसिद्ध औषधी योगात ही साल, गोजी या झुडपाच्या मुळाची साल, ज्येष्ठमध आणि तांदूळ आहेत. थंड औषधाने लेकराचं पोट बिघडू नये म्हणून तांदूळ आणि ज्येष्ठमध! मला ही काळजी फार मोलाची वाटते. अंगावर सूज आणि लघवी कमी असेल तर आल्याची, संत्र्याची अशा इतर सालींबरोबर देतात. जुन्या, अशक्तपणाच्या खोकल्यात मधात परतून. एरवी मात्रा दिवसाला 6 ते 12 ग्रॅम.

आता तुमच्या वडिलांचं. कफ पातळ, पांढरा, थंडीत वाढणारा, असं तुम्हीच लिहिलंय. चिनी वैद्य नेमक्या अशाच खोकल्यात ही साल टाळतात.

शुगरबद्दल: 1976 मध्ये जपानी संशोधकांनी याच सालीतून डीऑक्सिनोजिरिमायसिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. आतड्यात पिष्टाची साखर होण्याचा वेग ते कमी करतं, आणि मधुमेहाची मिग्लिटॉल ही गोळी त्याच रेणूपासून बनली. चीनमध्ये 2020 साली मंजूर झालेली तुतीची गोळी मात्र फांद्यांपासून करतात, मुळांपासून नव्हे. घरच्या काढ्यात हे द्रव्य किती उतरलं ते कोणी मोजणार नाही, आणि वडील आधीच गोळ्या घेत असतील तर साखर जास्त खाली जायची भीती.

शिवाय मूळकुजीसाठी बागेत बुरशीनाशक ओतलं होतं का, आठवून बघा. ओतलं असेल तर ही मुळं पोटात घेण्यासारखी नाहीतच.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर उद्याच सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकी तपासून घ्या, पैसे लागत नाहीत. काय निघालं ते इथे नक्की कळवा.