ग्लायडरसाठी गॉगल निवडताना

हडपसरच्या धावपट्टीवर ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना उडणारे विमान, शिकायला येणाऱ्या नवोदिताने गॉगल घेताना पोलराइज्ड, म्हणजे परावर्तित चकाकी गाळणारी, काच टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ती काच दुसऱ्या विमानाच्या पंखावरची चमक, जिच्यामुळे ते दुरून प्रथम दिसते, तीच पुसून टाकते, शिवाय एलसीडी पडदे काळे दिसू शकतात आणि कॅनपीवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, रंगीत पट्टे उमटतात. ४०० नॅनोमीटरपर्यंतची अतिनील किरणे अडवणारी, ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडणारी काच पुरेशी असते. राखाडी रंगाने रंग खरे दिसतात; मला मात्र ढगांच्या कडा उठावदार करणारी तपकिरी काच आवडते. काड्या बारीक असाव्यात, कारण जाड काड्यांनी बाजूची नजर अडते.