काय घडतं ते लिही

प्रिय दोस्ता,

व्हिडिओ गेमवरचा तुझा लेख वाचला, आणि त्याखाली लिहिलेला प्रश्नही. चांगले गेम इतके पडलेत, मग टाकाऊ गेमवर रात्री का घालवायच्या? वैतागून विचारलंयस, ते कळलं. उत्तर तुझ्याच लेखात आहे. 'कंट्रोल एकदम मख्खन', 'ग्राफिक्स भन्नाट', 'सगळं जमून आलंय'. जमून आलंय म्हणजे काय झालं? तू बटण दाबलंस तेव्हा पडद्यावर काय घडलं? एक जागा सोडली तर अख्ख्या लेखात कुठेही सांगत नाहीस.

दोष सगळा तुझा नाही. चांगला गेम आपली कारागिरी दिसू देत नाही. नांदत्या वाड्यात तुळई कुठून कुठे गेलीय याकडे कोण बघतं? पडक्या वाड्यात ती उघडी पडते. म्हणून म्हणतो, पडके वाडे हिंड. आणि काय घडतं ते लिही.

'बिग रिग्स: ओव्हर द रोड रेसिंग' घे. २००३ साली पीसीवर आलेली ट्रकची शर्यत. तुझा ट्रक सुटतो, प्रतिस्पर्ध्याचा ट्रक जागचा हलतच नाही. डोंगरावर गाडी घातलीस तर वेग तसूभरही कमी न होता ती उभा कडा चढते. इमारतींतून आरपार जाते. रिव्हर्सचं बटण दाबून धरलंस तर वेग वाढतच जातो, त्याला मर्यादाच घातलेली नाही. आणि बटण सोडलंस की गाडी त्याच क्षणी थिजते. शेवटी मोठा चषक आणि मोडक्या इंग्रजीत 'यूअर विनर'. पुढे दुरुस्ती आली, त्यात प्रतिस्पर्धी धावायला लागला, पण अंतिम रेषेच्या अलीकडेच थांबायचा.

सगळे यावर हसले. तू हसून झालं की पुन्हा खेळ आणि नीट बघ. बटण सोडल्यावर गाडी जागच्या जागी थांबली की तिचं वजनच नाहीसं होतं. म्हणजे इतर गेममध्ये ते वजन कुठून येतं? थांबायला लागणाऱ्या वेळातून, चढावर मंदावण्यातून, कठड्याला घासल्यावर गमावलेल्या वेगातून. हे सगळं कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. आता तुझा लाडका रेसिंग गेम लाव आणि फक्त ब्रेक दाबून बघ. 'मख्खन' या शब्दाच्या जागी काय लिहायचं ते तुला आपोआप सुचेल.

टीव्हीला जोडायच्या 'अटारी २६००' या जुन्या गेमयंत्रावरचा 'ई.टी.' तर सगळ्यांच्या तोंडी असतो, परग्रहावरच्या ई.टी.च्या सिनेमावरून केलेला. १९८२ चा गेम. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो करायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. कॅसेटी पडून राहिल्या, १९८३ मध्ये त्यातल्या काही अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या, २०१४ मध्ये काही उकरून काढल्या. ही कथा सगळ्यांना पाठ. पण त्या गेममध्ये माणूस सारखा खड्ड्यात का पडतो, हे किती जण सांगतात? पडद्यावरचा देखावा तिरका, पण टक्कर मोजायची ती ठिपक्याला ठिपका लागला की. ई.टी.चे पाय कोरड्या जमिनीवर असतात, डोकं खड्ड्याच्या चित्राला टेकतं आणि तो आत पडतो. डोळा एक नियम मानतो, यंत्र दुसरा. हे एक वाक्य कचरा डेपोच्या सगळ्या कथांपेक्षा मोलाचं आहे, कारण हा विसंवाद पुढे तुला कुठेही भेटला तर तू ओळखशील.

'निष्काळजीपणा', 'आळस' हे शब्द तर आधी टाकून दे. तू त्या ऑफिसात बसला नव्हतास. २०१३ चा 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' आठव, एलियनांशी लढायचा गेम. एलियन सरळ अंगावर धावत यायचे, बाजूने घेरायचे नाहीत. काही वर्षांनी एका हौशी माणसाला सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ सापडली, तिच्यातल्या इंग्रजी शब्दात 'ए' हे एक अक्षर जास्त पडलेलं. ते खोडल्यावर एलियन आडबाजूने यायला लागले. आता बघ, ज्याने 'एलियन घेरत नाहीत' एवढंच लिहिलं होतं त्याचं वाक्य आजही खरं आहे. ज्याने 'कंपनीने पाट्या टाकल्या' लिहिलं, त्याचा तो अंदाज होता. काय घडतं ते लिही, बाबा. का घडलं ते कळलं तर लिही, नाही कळलं तर गप्प बस.

आणि गुणांचं म्हणशील, तर 'डेडली प्रिमोनिशन' या गेमला २०१० साली एका ठिकाणी दहापैकी दोन मिळाले, दुसऱ्या ठिकाणी दहापैकी दहा. गुणांचं एवढंच.

मी एका दैनिकात गेमवर सदर लिहायचो. तिथे नेमका घडण्याचा परिच्छेद कापला जायचा, विशेषणं आणि तारे तेवढे छापून यायचे. मी भांडलो, सदर गेलं. सदर गेल्याची हळहळ अजून आहे. मराठीत या विषयावर दर आठवड्याला हक्काची जागा होती आणि ती पुन्हा कोणाला मिळाली नाही. पण भांडलो ते बरोबरच होतं. हा माणूस रद्दी खेळत बसतो असं म्हणणारे आजही आहेत. म्हणू देत. चांगल्या गेमबद्दल मला जे काही दिसतं, ते दिसायला मी या रद्दीतच शिकलो, आणि हे मी कोणासमोरही म्हणेन.

तुझी नजर चांगली आहे. त्या पावसाच्या दृश्यात पात्राची पावलं मंद होतात हे तू टिपलंयस, आणि लगेच 'अप्रतिम' म्हणून पुढे पळालायस. थांबायला हवं होतंस तिथे! किती मंद होतात? पळायचं बटण दाबलं तरी? छपराखाली गेल्यावर लगेच पूर्ववत होतात की हळूहळू?

तो परिच्छेद पुन्हा लिही, एकही विशेषण न वापरता. 'बिग रिग्स'वर एक पान वेगळं लिही. दोन्ही एकत्र पाठव, मी रात्री जागाच असतो.

तुझा,
दादा