जर्मनीत मास्टर्स: फीपेक्षा पहिल्या वर्षाच्या पैशांचं बघा

मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी जर्मनीत यायचंय, फीला मदत कुठून मिळेल, असं तुम्ही विचारलंय. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फीच नाही. दर सेमिस्टरला साधारण १०० ते ३५० युरो वर्गणी भरायची. अपवाद मात्र नेमके मेकॅनिकलवाल्यांच्या आवडीचे. कार्ल्सरूह आणि श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात येतात, तिथे भारतीयांना सेमिस्टरला १,५०० युरो, म्हणजे चार सेमिस्टरचे ६,०००. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० किंवा ६,००० युरो.

पण खरा डोंगर ब्लॉक्ड अकाउंटचा. व्हिसासाठी वर्षाच्या राहण्या-खाण्याच्या खर्चाचे ११,९०४ युरो या खात्यात आधीच भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ हातात येतात. युरो शंभर रुपयांना धरला तरी बारा लाख! फी या रकमेत धरलेली नाही, ती वेगळी.

शिष्यवृत्तीच्या भरवशावर हे गणित मांडू नका. ‘डाड’ (DAAD) या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो, त्यामुळे नुकतेच पास झालेले बाद. डॉइचलांडश्टिपेंडियम ही दुसरी शिष्यवृत्ती महिना ३०० युरो देते, कमीत कमी दोन सेमिस्टर, आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते. पण अर्ज विद्यापीठाकडेच करायचा, पैसे इथे प्रवेश पक्का झाल्यावर. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गात असाल तर महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी बघा. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, म्हणून अर्ज कुठे टाकायचे ते तिथूनच ठरवा.

बाकीच्यांना पहिल्या वर्षासाठी कर्जच. सरकारी बँका साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात. फ्लॅट किंवा एनए प्लॉट चालतो. नुसता शेतजमिनीचा सातबारा घेऊन गेलात तर बहुधा परत पाठवतील. वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालमत्तेच्या मालकीची तपासणी) आणि व्हॅल्युएशन यात आठवडे जातात, तेव्हा ऑफर लेटरची वाट न बघता कागद जमवा. आणखी एक मेख: काही बँका व्हिसा लागल्यावरच पैसे सोडतात, आणि व्हिसाला खातं आधी भरलेलं हवं. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम व्हिसाआधी देणार का, हे मॅनेजरकडून लेखी घ्या.

दुसऱ्या वर्षाचा खर्च कामातून बराचसा निघतो. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं; विद्यापीठातली सहायकाची नोकरी, इथल्या भाषेत ‘हिवी’, या मर्यादेत मोजत नाहीत. त्यासाठी पहिल्याच सेमिस्टरला प्राध्यापकांच्या विभागात थेट ईमेल करा. वर्कशॉपच्या कामाला जर्मन लागतं, सिम्युलेशनला बऱ्याचदा इंग्रजीवर भागतं.